चार्टमध्ये नुसतं ‘एमव्हीसी’ लिहिलंय. गाडी कोण चालवत होतं, हे कोडरने कुठून आणायचं?

निळीशाई

चार वर्षं झाली, अमेरिकन हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागाचे चार्ट कोड करते आहे, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून जखम, तिचं कारण आणि उपचार यांचे ठरलेले कोड बिलासाठी लावते. मागच्या आठवड्यात बिल जाण्याआधीच्या ऑडिटमध्ये माझा एक चार्ट चुकीचा ठरला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. इथे आपल्यातलेच बरेच जण हेच काम करतात, म्हणून सविस्तर लिहिते. पेशंटची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

डॉक्टरांची नोट अशी: ‘रुग्ण एमव्हीसीनंतर आली. मान आणि डावं मनगट दुखतं. शुद्ध हरपली नाही.’ त्याखाली टेम्प्लेटमधून आलेली दीड पानाची तपासणी. शेवटी निदान: मानेचा स्ट्रेन, डाव्या मनगटाचा स्प्रेन. अपघाताबद्दल डॉक्टरांनी एवढंच लिहिलंय. एमव्हीसी, म्हणजे मोटार व्हेइकल कोलिजन. तीन अक्षरं, बस्स.

मग मी मागे गेले. ट्रायाज नर्सने, म्हणजे पेशंट आल्या आल्या पहिली तपासणी करणाऱ्या नर्सने, लिहिलंय: ‘पुढच्या सीटवरची प्रवासी, बेल्ट लावलेला, उजव्या बाजूने दुसऱ्या कारची धडक.’ ॲम्ब्युलन्सच्या शीटवर मात्र स्पष्ट लिहिलंय: ‘ड्रायव्हर, स्वतःहून गाडीबाहेर आली.’ ती शीट सगळ्यांत तपशिलाची होती, वेळा होत्या, व्हायटल्स होते. मी तिच्यावर विश्वास ठेवला आणि अपघाताच्या कारणाचा कोड व्ही४३.५२एक्सए दिला. म्हणजे दुसऱ्या कारशी टक्कर, जखमी व्यक्ती कारची ड्रायव्हर, रहदारीतला अपघात, आणि उपचाराचा टप्पा सांगणारं सातवं अक्षर ए. ऑडिटर म्हणाले, नर्सच्या नोटप्रमाणे प्रवासी, म्हणून व्ही४३.६२एक्सए हवा. माझे गुण कापले गेले.

गुणांचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू. पण खरा प्रश्न वेगळा आहे. दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध असताना त्यांनी एक निवडली, मी दुसरी निवडली. दोघांनीही निवडलीच ना? त्या बाईला कोणी विचारलंच नाही.

अजून एक. डिस्चार्जच्या वेळी जे माहितीपत्रक छापून दिलं जातं, त्यावर ‘व्हिपलॅश – सर्व्हायकल स्प्रेन’ असं शीर्षक होतं. डॉक्टरांच्या निदानात ‘स्ट्रेन’. मी स्ट्रेनचा एस१६.१एक्सएक्सए दिला. आमच्यातल्या एकीचं म्हणणं, व्हिपलॅश म्हटल्यावर एस१३.४एक्सएक्सए द्यायला हवा होता. तुमचं काय मत?

जुना_कोडर

निळीशाई ताई, मानेचं आधी सांगतो, कारण त्यात तुमचं बरोबर आहे. स्ट्रेन म्हणजे स्नायू किंवा कंडरा, स्प्रेन म्हणजे अस्थिबंध. मानेसाठी पहिला एस१६.१ मध्ये जातो, दुसरा एस१३.४ मध्ये, आणि कोडच्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, व्हिपलॅश शोधलं तर एस१३.४ कडेच पाठवलं जातं. पण माहितीपत्रक हे डॉक्टरांचं निदान नव्हे. सिस्टीममध्ये मानेचं जे पत्रक ठेवलेलं असतं ते छापलं जातं. कोड निदानावरून द्यायचा, पत्रकाच्या शीर्षकावरून नाही.

आता ड्रायव्हर की प्रवासी. यावर गाइडलाइन्स अगदी स्पष्ट आहेत: नोंदी परस्परविरोधी असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, करायची. ॲम्ब्युलन्सची शीट जास्त तपशिलाची आहे म्हणून ती खरी, असा नियम कुठेही नाही. नर्सची नोट डॉक्टरांच्या जास्त जवळची म्हणून ती खरी, असाही नाही. त्यामुळे माझ्या मते तुम्ही दोघंही घाईत होतात. ऑडिटरने ‘प्रवासी’ लिहून गुण कापण्याऐवजी ‘क्वेरी करायला हवी होती’ असा शेरा मारला असता तर तो न्याय्य झाला असता. तुम्ही रिबटल, म्हणजे ऑडिटच्या निकालावर हरकत, नक्की टाका.

क्वेरीचं उत्तर आलंच नाही तर व्ही४३.९२एक्सए आहे, कारमधली अनिर्दिष्ट व्यक्ती. ‘अनिर्दिष्ट’ कोड देताना आपल्या लोकांचा हात अडखळतो. चार्टमध्ये माहिती नसेल तेव्हा तोच प्रामाणिक कोड असतो.

शिकाऊ२

नमस्कार, मी अजून ट्रेनिंगमध्ये आहे. हे व्ही कोड पाठ करायची काही युक्ती आहे का? शेकडो आहेत. आणि हे द्यावेच लागतात का? आमच्या बॅचमधला एक जण म्हणाला की पैसे त्यावर मिळत नाहीत, मग सोडून दिले तरी चालतात.

जुना_कोडर

पाठ करू नकोस बाळा, रचना समजून घे. पहिले दोन आकडे बघ. पहिला आकडा सांगतो जखमी माणूस कशावर किंवा कशात होता: ० पायी, १ सायकल, २ मोटरसायकल, ३ तीनचाकी, ४ कार, ५ पिकअप किंवा व्हॅन, ६ जड ट्रक, ७ बस. दुसरा आकडा सांगतो टक्कर कशाशी झाली. म्हणून व्ही४३ म्हणजे कारमधला माणूस, टक्कर कार, पिकअप किंवा व्हॅनशी. व्ही४७ म्हणजे कारमधला माणूस, टक्कर झाड, खांब, भिंत अशा जागच्या जागी असलेल्या वस्तूशी. व्ही२८ म्हणजे मोटरसायकलवाला, टक्कर कोणाशीच नाही, घसरला किंवा उलटला. व्ही०३ म्हणजे पायी चाललेला माणूस आणि त्याला धडकलेली कार, पिकअप किंवा व्हॅन.

बिंदूनंतरचा आकडा सांगतो तो गाडीत कोण होता आणि अपघात रहदारीतला की नाही. कारमध्ये ५ म्हणजे रहदारीत ड्रायव्हर, ६ म्हणजे रहदारीत प्रवासी, ४ म्हणजे गाडीत चढताना-उतरताना, ० म्हणजे रहदारीबाहेर ड्रायव्हर. जागा लिहिलेली नसेल तर अपघात सार्वजनिक रस्त्यावर झाला असं धरायचं, फक्त ऑफ-रोड गाड्यांचे अपघात सोडून. घराच्या ड्राइव्हवेत मागे घेताना झाला असं लिहिलं असेल तर तो रहदारीतला नाही.

दुचाकीच्या गटात १ ऑक्टोबर २०२२ पासून इलेक्ट्रिक सायकलचे कोड वेगळे झालेत. जुन्या चीटशीटवरून काढलास तर कोड अवैध येईल. दर १ ऑक्टोबरला नवी यादी उघडून बसायचं.

सक्तीचं म्हणशील तर देशपातळीवर नाही. एखाद्या राज्याचा किंवा पेयरचा (बिलाचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीचा) नियम असेल तर सक्ती, नाहीतर स्वेच्छेने. ते पहिल्या क्रमांकावर मात्र कधीच जात नाहीत. आधी जखम, मग कारण.

वेगवान

मी थोडं वेगळं मत मांडतो. रोजचं टार्गेट सगळ्यांना माहीत आहे. ड्रायव्हर होती की प्रवासी, यासाठी डॉक्टरला क्वेरी पाठवायची म्हणजे चार्ट दोन-तीन दिवस अडकून पडतो. उपचार तेच, पैसे तेवढेच. मी असे चार्ट सरळ ‘अनिर्दिष्ट’ देऊन पुढे जातो. क्वेरी राखून ठेवावी उघड्या (कातडी फाटलेल्या) फ्रॅक्चरसाठी, डोक्याच्या मारासाठी. प्रत्येक व्ही कोडला क्वेरी टाकली तर डॉक्टर महत्त्वाच्या क्वेरीलाही उत्तर द्यायचे बंद होतील.

निळीशाई

वेगवान दादा, क्वेरीचा कंटाळा आल्यावर डॉक्टर काय करतात ते मीही पाहिलंय, त्यामुळे तुमचा शेवटचा मुद्दा मान्य. पण ‘पैसे तेवढेच’ हे मला पटत नाही. ती बाई उद्या विमा कंपनीशी बोलेल तेव्हा तिच्या कागदावर ती ड्रायव्हर असेल आणि प्रत्यक्षात ती शेजारी बसलेली असेल. मी घरी बसून, स्क्रीनवर, तिला एका अपघाताची ड्रायव्हर करून टाकलं. हे मला फार लागलं आहे.

क्लेमवाली

मी कोडिंग करत नाही, नाकारलेले क्लेम बघते. ‘पैसे तेवढेच’ हे माझ्या टेबलावर येऊन बघा.

वाहन अपघाताच्या क्लेममध्ये आधी ठरतं की पैसे देणार कोण. डॉक्टरांच्या क्लेमच्या फॉर्मवर, म्हणजे सीएमएस-१५०० वर, दहाव्या रकान्यात तीन प्रश्न असतात: नोकरीशी संबंधित आहे का, वाहन अपघात आहे का, दुसरा अपघात आहे का. वाहन अपघात ‘हो’ असेल तर राज्य लिहावं लागतं, कारण नो-फॉल्ट विम्याचे, म्हणजे चूक कोणाचीही असो पैसे देणाऱ्या विम्याचे, नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. इलेक्ट्रॉनिक क्लेममध्ये त्याच जागी ‘एए’ जातं. हॉस्पिटलच्या क्लेमच्या फॉर्मवर, यूबी-०४ वर, घटनेचा प्रकार सांगणारा ऑकरन्स कोड आणि अपघाताची तारीख: ०१ वैद्यकीय संरक्षण असलेला अपघात, ०२ नो-फॉल्ट, ०३ दुसऱ्याच्या चुकीची जबाबदारी, ०४ नोकरीवर.

आता समजा जखमांचे, म्हणजे एस ने सुरू होणारे, कोड आहेत, कारणाचा कोड नाही आणि दहावा रकाना ‘नाही’. आरोग्य विमा कंपनी काय करते? क्लेम थांबवते आणि पेशंटला पत्र पाठवते: तुमची जखम कशी झाली ते कळवा. मान दुखत असलेला माणूस त्या पत्राकडे बघतही नाही. मुदत संपते, क्लेम नाकारला जातो, बिल त्याच्या घरी जातं. मग तो रडवेल्या आवाजात फोन करतो. तो फोन मी घेते.

आणि डिलिव्हरीचं काम करणारा माणूस असेल तर? पगारी काम चालू असताना अपघात झाला की वाय९९.० येतो आणि सगळी गाडी कामगार भरपाईच्या रुळावर जाते. चार्टमध्ये सामाजिक माहितीत ‘डिलिव्हरी ड्रायव्हर’ असतं, पण त्या क्षणी तो कामावर होता की घरी चालला होता, हे कोणीच लिहिलेलं नसतं. व्यवसाय लिहिलाय म्हणून वाय९९.० देऊ नका, हात जोडून सांगते. असे क्लेम सोडवायला महिने लागतात.

शिकाऊ२

ताई, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. अजून एक शंका: त्याच अपघाताचा पेशंट पाच दिवसांनी ऑर्थोपेडिककडे गेला तर सातवं अक्षर ए की डी? दुसरी भेट आहे म्हणून डी ना?

अनुस्वार

माझं सगळं काम ऑर्थोचंच आहे, मी सांगते. ए म्हणजे पहिली भेट नव्हे. ए म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत. इमर्जन्सीमध्ये स्प्लिंट लावून पाठवलं, पाच दिवसांनी ऑर्थोने तपासून शस्त्रक्रिया ठरवली किंवा केली, तरी ए. डॉक्टर नवे आहेत की जुने, याचा संबंध नाही. प्लास्टर बदलणं, हाड भरतंय का बघायला एक्स-रे, फिजिओथेरपी, ही भरून येण्याच्या काळातली काळजी, ती डी. आणि जखम बरी झाल्यावर मागे राहिलेला त्रास असेल तर एस. तेव्हा आधी तो त्रास, मग मूळ जखमेचा कोड एस लावून. व्ही कोडलाही तेच सातवं अक्षर लागतं, उपचार चालू असेपर्यंत. मात्र वाय९२ (जागा), वाय९३ (त्या वेळी काय करत होता), वाय९९ (कामावर होता का) हे फक्त सुरुवातीच्या भेटीत, एकदाच.

फ्रॅक्चरमध्ये गंमत आहे ती नीट ऐक. बंद की उघडं लिहिलं नसेल तर बंद धरायचं. सरकलेलं की नाही हे लिहिलं नसेल तर सरकलेलं धरायचं. उघडं असेल तर सातवं अक्षर बी की सी, हा फरक गस्टिलो प्रकाराचा, म्हणजे उघड्या फ्रॅक्चरची तीव्रता सांगणाऱ्या वर्गवारीचा: प्रकार १ किंवा २ असेल अथवा प्रकार लिहिलेलाच नसेल तर बी, ३ए, ३बी, ३सी असेल तर सी. उजव्या नडगीच्या दांड्याचं चुरा झालेलं, सरकलेलं, ३ए प्रकारचं उघडं फ्रॅक्चर म्हणजे एस८२.२५१सी. ऑपरेशन नोटमध्ये डॉक्टर जखमेचं वर्णन पानभर करतात, चिखल होता, हाड दिसत होतं, आणि प्रकाराचा आकडा लिहायचा राहून जातो. वर्णनावरून आपण प्रकार ठरवायचा नाही. तिथे क्वेरीच.

आणि सगळ्यांत जास्त चुकणारी जागा: हाड जुळलंच नाही म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रिया म्हणजे सक्रिय उपचार, म्हणून लोक ए देतात. चूक. न जुळलेल्या हाडाला बंद फ्रॅक्चरमध्ये के द्यायचा, शस्त्रक्रिया असली तरी.

रात्रपाळी_डॉक्टर

धागा पूर्ण वाचला. मी टेबलाच्या पलीकडचा. तुम्ही ज्या नोटांवर त्रागा करता तशा मीही लिहिल्या आहेत, म्हणून आमची बाजू सांगतो.

अपघाताचा पेशंट येतो तेव्हा डोक्यात एकच विचार असतो: काय सुटतंय? पोटात रक्तस्राव आहे का, मानेचा मणका सुरक्षित आहे का, फुप्फुस दबलंय का. तो ड्रायव्हर होता का, हे आम्ही विचारतो, कारण त्यावरून कुठल्या जखमा शोधायच्या ते कळतं. स्टिअरिंग छातीवर आलं असेल तर वेगळं, बाजूने धडक असेल तर बरगड्या, प्लीहा, कंबरेचं हाड. पोटावर बेल्टचा वळ दिसला की आम्ही आतड्याच्या जखमेसाठी सावध होतो. म्हणजे माहिती आम्ही घेतलेली असते. लिहायच्या वेळी पुढचे तीन पेशंट वाट बघत असतात आणि बोटं ‘एमव्हीसी’ लिहून मोकळी होतात.

एका कोडर मॅडमनी मला एकदा फार सभ्य शब्दांत क्वेरी पाठवली होती. पेशंटच्या डोक्याला मार होता आणि मी ‘एलओसी +’, म्हणजे शुद्ध हरपली होती, एवढंच लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, शुद्ध किती वेळ हरपली होती, नोंद करता येईल का? मला माहीत होतं. त्याच्या मित्राने सांगितलं होतं, दोन-तीन मिनिटं. मी ते लिहिलं नव्हतं एवढंच. त्या दिवसापासून मी अपघाताच्या नोटचं पहिलं वाक्य एका श्वासात लिहितो: कोण होता, कशात होता, कशाशी आणि कुठल्या बाजूने धडक, बेल्ट किंवा हेल्मेट, एअरबॅग, शुद्ध आणि किती वेळ, कुठल्या रस्त्यावर, कामावर होता का. वीस सेकंद जातात. टेम्प्लेटमध्ये ते बसवू नका, टेम्प्लेटमध्ये गेलं की ते सगळ्यांच्या नोटमध्ये सारखंच उतरतं.

जुना_कोडर

डॉक्टरसाहेब, तुमच्या त्या दोन-तीन मिनिटांची किंमत शिकाऊला सांगतो. कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यात, शुद्ध हरपली नाही तर एस०६.०एक्स०ए, तीस मिनिटं किंवा कमी असेल तर एस०६.०एक्स१ए, हरपली पण किती वेळ ते लिहिलं नाही तर एस०६.०एक्स९ए, आणि हरपली होती की नाही हेच कळत नसेल तर एस०६.०एक्सएए. चार वेगळ्या गोष्टी आहेत या. ‘पेशंटला आठवत नाही’ याचा अर्थ ‘शुद्ध हरपली’ असा आपण करायचा नाही.

पेशंट किती शुद्धीत आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचा आकडा मात्र ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी लिहिलेला चालतो, गाइडलाइनमध्ये तशी परवानगी आहे. मेंदूच्या जखमेचं निदान डॉक्टरांचंच हवं. स्केलच्या कोडचं सातवं अक्षर तो आकडा कधी घेतला ते सांगतं: १ घटनास्थळी, २ इमर्जन्सीत आल्यावर. औषधाने झोपवलेल्या पेशंटला ते कोड लावू नका.

अनुस्वार

टाक्यांचं राहिलं. ‘अनेक जखमा शिवल्या’ एवढ्यावर काही देता येत नाही. सेंटिमीटर हवेत, प्रत्येक जखमेचे. साध्या टाक्यांत कपाळावर २ आणि गालावर ३ असतील तर चेहऱ्याच्या एकाच गटात बेरीज ५, म्हणून टाके घालण्याच्या उपचाराचा कोड १२०१३. डोक्याच्या त्वचेवरची ४ सेंटिमीटरची वेगळ्या गटात, १२००२. चेहऱ्याची बेरीज ५.१ झाली असती तर १२०१४. एका मिलिमीटरवर कोड बदलतो.

आणि डॉक्टरसाहेब, रस्त्यावर घासून आलेल्या जखमेतून काचा, खडी काढायला तुम्ही अर्धा तास घालवता, ते लिहा. खूप माखलेली जखम भरपूर स्वच्छ करून एकाच थरात शिवली तरी ती मध्यम प्रकारात मोजतात. नोटमध्ये ‘जखम धुतली’ असेल तर ती साधीच राहते. तुमची मेहनत आम्हाला दिसत नाही, जे लिहिलंय तेच दिसतं.

वेगवान

क्लेमवाली ताईंचं वाचून मत थोडं बदललं. विरोधी नोंदी असतील तर क्वेरी, नुसती माहितीच नसेल तर अनिर्दिष्ट, असं ठेवतो. पण क्वेरी कशी लिहिता ते कोणी दाखवाल का? माझ्या क्वेरी परत येतात, ‘लीडिंग’ म्हणून, म्हणजे प्रश्नातच उत्तर सुचवलंय म्हणून.

निळीशाई

दादा, मी पाठवली ती अशीच्या अशी देते:

‘ट्रायाज नोंदीत रुग्ण पुढच्या सीटवरील प्रवासी असल्याचं नमूद आहे. ॲम्ब्युलन्स नोंदीत ड्रायव्हर असल्याचं नमूद आहे. आपल्या माहितीनुसार अपघाताच्या वेळी रुग्णाची वाहनातील जागा कृपया स्पष्ट करावी: ड्रायव्हर / प्रवासी / अन्य / सांगता येत नाही.’

कोड, पैसे, ऑडिट, कशाचाच उल्लेख नाही. दोन्ही नोंदी जशाच्या तशा, आणि ‘सांगता येत नाही’ हा पर्याय न विसरता.

काल उत्तर आलं. डॉक्टरांनी ॲडेंडम, म्हणजे मूळ नोटला पुरवणी, लिहिला: रुग्ण प्रवासी होती, गाडी बहीण चालवत होती, दोघी एकाच ॲम्ब्युलन्सने आल्या. म्हणजे दोन बहिणींच्या शीट्समध्ये कुठेतरी गल्लत झाली होती. व्ही४३.६२एक्सए. ऑडिटरांचा कोड बरोबर निघाला, मी तसं त्यांना कळवलं. रिबटलमध्ये मी गुण मागितले नाहीत, ‘विरोधी नोंद असल्यास क्वेरी’ ही ओळ आमच्या चेकलिस्टमध्ये घालावी एवढंच मागितलं आणि ती घातली गेली.

जुना_कोडर

छान केलंत. ॲडेंडमवर तारीख, वेळ आणि सही आहे ना? आणि बहिणीचा चार्ट कोणाकडे आहे? तिथे ‘प्रवासी’ लिहिलं असणार.

निळीशाई

तारीख, वेळ, सही तिन्ही आहेत. बहिणीच्या चार्टचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता लीडना मेल टाकला, तो बिलात जायच्या आधी होल्डवर ठेवताहेत.

क्लेमवाली

दोघींच्या अपघाताची तारीख आणि राज्य सारखं आहे का तेवढंही बघून घ्या ताई, होल्ड काढायच्या आधी.